चोरून कचरा टाकण्याची जागा कायमची कशी बंद करायची

चोरून कचरा टाकण्याची एखादी जागा साफ करणं हे या सगळ्या व्यापातलं सर्वांत सोपं काम. पाच-पन्नास माणसं, एक रविवार, दोन ट्रॉल्या. दुपारपर्यंत जमीन दिसायला लागते, फोटो निघतात, चहा होतो. आणि पंधरा-वीस दिवसांत तिथे पुन्हा गोण्या येऊन पडलेल्या असतात. 'लोकच बेशिस्त' म्हणून हात झटकणं सोयीचं आहे, पण तेवढ्याने ढीग हलत नाही. ही जागाच का निवडली गेली, कोण टाकतं, केव्हा टाकतं आणि टाकणाऱ्यापुढे दुसरा कोणता रस्ता होता, हे न शोधता केलेली सफाई म्हणजे पुढच्या ढिगासाठी जागा मोकळी करून देणं. म्हणून या लेखात सफाईचा दिवस बराच उशिरा येतो.

नुकसान आधी समजून घ्या, कारण तेच अर्जात लिहायचं आहे

'दुर्गंधी येते, आरोग्यास धोका आहे' एवढंच लिहिलेला अर्ज तशाच इतर अर्जांच्या गठ्ठ्यात जाऊन पडतो. ढिगात काय आहे आणि त्याने काय होतं हे नेमकं लिहिलं, की वाचणाऱ्याला तो बाजूला सारणं जड जातं.

पाण्यापासून सुरुवात करू. पाऊस ढिगातून झिरपतो तेव्हा तळाशी काळपट, आंबूस पाणी उतरतं. त्यात कुजलेल्या कचऱ्याचा अमोनिया असतो, क्षार असतात, आणि ढिगात बॅटऱ्या किंवा रंगाचे डबे असतील तर शिशासारखे जड धातूही. रीतसर बांधलेल्या कचरा डेपोत खाली चिकणमातीचा थर, त्यावर जाड प्लास्टिकचं अस्तर आणि हे पाणी गोळा करायला नळ्या असतात. नाल्याकाठच्या ढिगाखाली नुसती जमीन असते. भूजल सावकाश सरकतं, त्यामुळे विहिरीला किंवा बोअरला त्रास दिसायला महिने, कधी वर्षं लागतात. तोपर्यंत ढीग कुणी टाकला हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

मग आग. ढीग कुजताना आतून तापतो हे खरं, पण बहुतेक वेळा आग लावलेलीच असते: ढीग आटोपशीर व्हावा म्हणून, किंवा वायरीतलं तांबं सुटं व्हावं म्हणून. वायरींवरचं पीव्हीसी प्लास्टिक अशा अर्धवट जळणाऱ्या आगीत जळलं की डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. त्यांतलं सगळ्यात घातक, टीसीडीडी, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. ही रसायनं शरीरातल्या चरबीत साठतात आणि त्यांचं प्रमाण निम्म्यावर यायला सात ते अकरा वर्षं लागतात. धूर तासाभरात विरतो, आणि त्या दिवशी ज्यांनी तो श्वासात घेतला त्यांच्याकडे तेवढी वर्षं हिशेब राहतो.

टायरचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टायरच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडूनही काही महिने टिकतात. पाणी आलं की उबदार हवेत आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून टायर नुसतं उपडं करून काम भागत नाही, ते तिथून हलवावंच लागतं. एडिसचाच एक प्रकार असलेला आशियातला टायगर डास १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात ठाण मांडून बसलेला आढळला, तोही जुन्या टायरांच्या व्यापारातून पोचलेला.

गटार तुंबणं, उंदीर, भटकी कुत्री, प्लास्टिक खाणारी जनावरं हे सगळ्यांना दिसतं, त्यावर जास्त लिहीत नाही. एक गोष्ट मात्र अर्जात जरूर घाला: तुंबणारी मोरी ढिगापासून किती अंतरावर आहे आणि पावसात पाणी कुठपर्यंत चढतं. भिंतीवरची ओल हाच पुरावा, तिचा फोटो काढा.

ही गोष्ट मोठी झाली की काय होतं ते कोत दिव्हार या देशातल्या आबिजान शहराने २००६ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. 'प्रोबो कोआला' या जहाजातला पाचशे टनांहून अधिक विषारी कचरा एका स्थानिक कंत्राटदाराने शहरात ठिकठिकाणी ओतला. सरकारी आकड्यांनुसार १५ माणसं गेली आणि एक लाखाहून अधिक लोकांनी दवाखाने गाठले. आपल्या कोपऱ्यावरच्या ढिगाशी याचं नातं आहे. तिथेही गणित तेच होतं: रीतसर विल्हेवाट महाग, स्वस्तात 'बघून घेतो' म्हणणारा एक मध्यस्थ, आणि किंमत मोजणारा तिसराच.

पहिली पायरी: ढीग वाचा

घाईने फावडं लावू नका. ढिगाजवळ उभं राहून अर्धा तास नुसतं बघा. कोण टाकतंय हे ढिगाचा आकारच बऱ्याचदा सांगतो.

टोकदार, शंकूसारखा, एकाच प्रकारच्या मालाचा ढीग असेल तर तो डंपरने मागचा भाग उचलून एका झटक्यात ओतलेला असतो. शेजारी दुहेरी चाकांच्या खोल खुणा मिळतात. रस्त्याच्या कडेने लांबट, ओळीत पसरलेला माल म्हणजे टेम्पोतून माणसांनी हाताने ढकललेला. अशा ढिगात गोण्या बहुधा तोंड बांधलेल्याच असतात, कारण रिकाम्या करत बसायला वेळ नसतो. आणि झुडपांत अडकलेल्या, उतारावर विखुरलेल्या छोट्या पिशव्या चालत्या दुचाकीवरून किंवा पुलावरून फेकलेल्या. या तिघांचा बंदोबस्त तीन वेगळ्या प्रकारे करावा लागतो. डंपरवाल्याला पाटीने फरक पडत नाही, आणि दुचाकीवरच्या माणसासाठी चर खणून उपयोग नाही.

मग माल बघा. फरशांचे एकाच रंगाचे तुकडे, त्यासोबत प्लास्टरचे पापुद्रे आणि जुना कमोड म्हणजे जवळपास कुठेतरी बाथरूमचं काम चालू आहे. कापडाच्या चिंध्या एकाच मापाच्या असतील तर शिवणकामाचा कारखाना. केसांचे पुंजके, थर्माकोलचे खोके, पिसं, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, प्रत्येकाचा एक धंदा असतो. कुरिअरच्या पाकिटावरचा पत्ता, बिलं, शाळेच्या वह्या सापडतात; त्यांचे फोटो घ्या पण ते कुठेही जाहीर टाकू नका. ज्याचं नाव सापडलं त्यानेच कचरा टाकला असं नसतं. त्याने तो पैसे देऊन कुणाला तरी दिलेला असण्याचीच शक्यता जास्त.

केव्हा टाकतात हे कळायला फक्कीचा उपयोग होतो. संध्याकाळी ढिगाभोवती चुन्याच्या फक्कीची रेघ ओढा. सकाळी रेघेवर काही पडलंय का, रेघ कुठे पुसली, चाक कुठून आत आलं, सगळं कोऱ्या पाटीवर लिहिल्यासारखं दिसतं. दोन आठवडे ही नोंद ठेवली की वार आणि वेळ उघडे पडतात. बांधकामाचा राडारोडा बहुधा काम उरकल्यावर रात्री येतो, घरच्या पिशव्या पहाटे फिरायला जाताना किंवा कामावर जाताना. वस्तीतली कचऱ्याची गाडी ज्या दिवशी येत नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी पिशव्या वाढतात का, हे खास बघा. वाढत असतील तर तुमचं भांडण टाकणाऱ्याशी कमी आणि गाडीच्या वेळापत्रकाशी जास्त आहे.

आणि भंगार वेचणाऱ्यांशी बोला. कुठल्या रात्री कोणती गाडी येते हे त्यांना पाठ असतं, कारण त्यांची रोजी त्यावर असते. त्यांना साक्षीदार म्हणून कागदावर आणू नका, त्याची किंमत त्यांना फार मोठी पडते. माहिती घ्या, आभार माना, आणि ढीग बंद झाल्यावर त्यांचं काय, याचाही विचार करा. सुका माल वेगळा करून थेट त्यांच्या हातात देण्याची सोय झाली तर तेच लोक जागेचे सगळ्यात चोख राखणदार होतात.

दुसरी पायरी: हात कशाला लावायचा नाही ते ठरवा

पुढच्या वस्तू दिसल्या तर सफाईच्या यादीतून त्या वगळा. सुया, सलाईनच्या नळ्या, रक्ताळलेलं कापड. सील तुटलेली किंवा लेबल नसलेली पिंपं. फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या. गाडीच्या फुटक्या बॅटऱ्या. जुने पन्हळी सिमेंटचे पत्रे, ज्यांत ॲस्बेस्टस असू शकतं.

पत्र्यांबद्दल थोडं अधिक, कारण ते निरुपद्रवी दिसतात आणि लोक ते पायाने मोडून गोणीत भरतात. अख्खा पत्रा पडून असताना फारसा धोका नसतो. तो फोडला, घासला, झाडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात, फुप्फुसात रुततात आणि आजार वीस-तीस वर्षांनी उगवतो. म्हणून फोडू नका, झाडू मारू नका, हलवायचीच वेळ आली तर पाणी मारून ओला ठेवा, आणि हे काम प्रशिक्षित माणसांकडे सोपवा. साधा कापडी मास्क इथे काहीही करत नाही.

सुई टोचली तर जखम पिळत बसू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. 'उद्या बघू' हे इथे चालत नाही, कारण एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. हेपेटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेर, वाळलेल्या डागातही किमान सात दिवस तग धरतो.

अनोळखी द्रव असलेल्या बाटल्या एका पोत्यात भरू नका. दोन साधी वाटणारी रसायनं एकत्र सांडून विषारी वायू होऊ शकतो. अशा वस्तूंभोवती दोरी बांधा, फोटो काढा आणि अर्जात त्यांचा स्वतंत्र उल्लेख करा. घातक कचरा म्हटलं की वेगळा विभाग, वेगळे नियम आणि बहुतेक ठिकाणी वेगळी तातडी लागू होते.

तिसरी पायरी: पुरावा

फोटोत तीन गोष्टी हव्यात: ढीग, न हलणारी एखादी ओळखखूण (विजेचा खांब, पुलाचा कठडा, भिंत) आणि तारीख-वेळ. लांबून एक, मध्यम अंतरावरून एक, जवळून दोन-तीन. फोनमधलं ठिकाण चालू ठेवा. मूळ फोटो जपून ठेवा. मेसेजिंग ॲपवरून पाठवला की त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती बहुधा पुसली जाते, त्यामुळे गटावर फिरलेला फोटो पुरावा म्हणून लंगडा पडतो. कार्यालयात द्यायचा फोटो ईमेलने किंवा फाइल म्हणून जोडा.

गाडी दिसली तर नंबर, रंग, दारावर काही लिहिलं असल्यास ते, आणि आलेली दिशा. बस. अडवू नका, पाठलाग करू नका, अंधारात एकट्याने थांबू नका. राडारोडा आणि औद्योगिक कचऱ्यात मोठे पैसे फिरतात आणि रात्री गाडीवर असलेला माणूस त्या साखळीत सगळ्यात खालचा असतो. तो घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस काय करेल याचा नेम नाही.

सीसीटीव्हीचा हट्ट अनेक सोसायट्या धरतात. लावा, पण उंच खांबावर बसवलेला कॅमेरा टेम्पोचं छप्पर दाखवतो, नंबर नाही, आणि रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात नंबराची पाटी पांढरी फटक होते. नंबर टिपायचा तर कॅमेरा खाली, गाडीला वळायला वेग कमी करावाच लागतो अशा ठिकाणी आणि पाठीमागून हवा. शेजाऱ्याच्या दारा-खिडक्यांकडे तोंड नको.

चौथी पायरी: जागा कोणाची, आणि अर्ज कसा लिहायचा

बहुतेक अर्ज अडतात ते 'ही जागा आमच्याकडे येत नाही' या एका वाक्यावर. रस्त्याची कडा एकाची, नाला दुसऱ्याचा, रेल्वेची हद्द तिसऱ्याची, मागचा प्लॉट खासगी. चोरून टाकणाऱ्याला नेमकी अशी कुणाचीच नसलेली जागा आवडते. म्हणून अर्जाआधी जमिनीचा अभिलेख बघा आणि एकच अर्ज सगळ्या संबंधितांना, एकमेकांना प्रत जाईल अशा रीतीने द्या. प्रत कुणाकुणाला गेली आहे हे प्रत्येकाला दिसलं, की टोलवाटोलवी कमी होते.

अर्ज एका पानाचा असावा. साधारण असा:

'विषय: अमुक पुलाच्या उत्तर बाजूस, खांब क्रमांक अमुकजवळ बेकायदा कचरा टाकला जात असल्याबाबत.

या ठिकाणी अंदाजे २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ फूट उंच ढीग आहे. त्यात बांधकामाचा राडारोडा, जुनी टायरं आणि वापरलेल्या सुया आहेत (फोटो १ ते ६). ढिगापासून ३० फुटांवर पावसाळी मोरी असून तिचं तोंड निम्मं बुजलं आहे (फोटो ७). अमुक ते अमुक तारखांच्या नोंदीनुसार कचरा प्रामुख्याने मंगळवारी व शुक्रवारी रात्री ११ नंतर येतो. विनंती: १. सुया व वैद्यकीय कचरा प्रशिक्षित पथकाकडून तातडीने उचलावा. २. उर्वरित ढीग हटवून मोरी मोकळी करावी. ३. वाहनांना आत येण्यास अडथळा बसवावा. ४. केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी.'

मागण्या क्रमांक घालून लिहा. उत्तर देणाऱ्याला मग प्रत्येकीपुढे काहीतरी लिहावंच लागतं. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ॲपवर तक्रार केली असेल तर तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण 'निराकरण झाले' असा शेरा मारून तक्रार बंद होणं ही रोजची गोष्ट आहे. तसं झालं तर त्याच दिवशीचा नवा फोटो जोडून जुन्याच क्रमांकावर पुन्हा उघडायला लावा.

उत्तर नाही आलं तर वरच्या अधिकाऱ्याकडे, मग प्रदूषण नियंत्रण पाहणाऱ्या यंत्रणेकडे, आणि शेवटी न्यायालयात. हा शेवटचा टप्पा निरर्थक नसतो. इटलीत नेपल्स आणि कासेर्ता यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं चोरून कचरा पुरला आणि जाळला गेला, इतका की त्या भागाला 'आगींचा प्रदेश' असं नाव पडलं. तिथल्या रहिवाशांच्या अर्जांवर युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये निकाल दिला: धोका ठाऊक असूनही पुरेसं काही न करणाऱ्या सरकारने लोकांच्या जगण्याच्या हक्काचं रक्षण केलं नाही. टाकणारे गुन्हेगार होते, पण न्यायालयाने जाब विचारला तो बघत बसलेल्या सरकारला. रहिवाशांनी साठवलेले कागद अशा ठिकाणी कामी येतात.

पाचवी पायरी: टाकणाऱ्याला दुसरा रस्ता द्या

हे वाचून काहींना राग येईल. दंड करा ना, रस्ता कसला देता? दंड हवाच. पण जुनी गादी, तुटकं कपाट किंवा दोन गोण्या प्लास्टर रीतसर द्यायला शहरात जागाच नसेल तर दंडाने ढीग फक्त जास्त अंधाऱ्या कोपऱ्यात सरकतो.

तुमच्या नोंदीतून दिसलेल्या मालाची यादी करा आणि प्रत्येकापुढे 'हा रीतसर कुठे जातो' ते लिहा. मोठ्या वस्तू न्यायला गाडी येते का, कधी, तिचा नंबर काय. राडारोडा कोण घेतं. जुनी विद्युत उपकरणं, ट्यूबलाइट, बॅटऱ्या कुठे जमा होतात. जिथे उत्तर सापडत नाही ती खरी फट, आणि स्थानिक संस्थेकडे मागणी करायची तर ती नेमकी त्याच सोयीची करा. महिन्यातून एक ठरलेला दिवस मोठ्या सामानासाठी मिळाला तरी घरगुती ढिगावर त्याचा परिणाम दिसतो.

आसपास ज्यांची कामं चालू आहेत त्या ठेकेदारांना भेटा. आरोप करायला जाऊ नका. 'तुमचा राडारोडा कोण उचलतं, पावती मिळते का' एवढं विचारा. विचारणारं कुणी आहे हे कळणं बऱ्याच जणांना पुरतं.

सहावी पायरी: सफाईचा दिवस

आता फावडं. अडथळ्याची सोय आणि पुढच्या आठवड्याची माणसं आधी ठरलेली असतील तरच तारीख घ्या. उचललेला माल कुठे जाणार हे लेखी ठरवा. एका ढिगाचं दोन किलोमीटरवर दुसऱ्या ढिगात रूपांतर करणाऱ्या सफाई मोहिमा मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचे फोटोही झकास येतात.

जाड तळव्याचे बूट किंवा गमबूट, सुई आरपार जाणार नाही असे चामडी किंवा जाड रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. पायावर उघडी जखम असलेल्याने त्या दिवशी पाणी वाटायचं काम घ्यावं. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरोसिस ओल्या चिखलातून अशाच जखमेत शिरतो. धनुर्वाताची लस झालेली हवी. गोणीत हात घालून काही काढायचं नाही, ती दाताळ्याने उलटी करून बघायची. गोणी पायाने दाबायची नाही, अंगाला टेकवून उचलायची नाही. लहान मुलांना या कामावर आणू नका. त्यांना आणायचं ते नंतर, झाडं लावायला.

सकाळी लवकर सुरू करा, मोठा माल आधी, बारीक वेचणी शेवटी. बारीक वेचणी टाळायचा मोह होतो. टाळू नका, कारण पुढची पायरी त्यावरच उभी आहे.

सातवी पायरी: पहिले दोन आठवडे

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गल्लीत उभ्या केलेल्या सायकलींच्या हँडलला एक निरुपयोगी पत्रक अडकवलं. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी ते जमिनीवर टाकलं किंवा दुसऱ्याच्या सायकलला अडकवलं. त्याच भिंतीवर रेघोट्या मारून ठेवल्या तेव्हा हे प्रमाण ६९ टक्के झालं. माणसांचा प्रकार तोच होता. जागा आधीच बिघडलेली आहे, एवढी खूण पुरली. ढिगाच्या बाबतीत ही खूण म्हणजे पहिली पिशवी.

त्यामुळे नियम एकच: साफ झालेल्या जागेवर पडलेली पहिली पिशवी काही तासांत उचलली गेली पाहिजे. यासाठी सकाळ-संध्याकाळ एक फेरी, नावानिशी ठरलेली. 'सगळे मिळून बघू' म्हणजे कुणीच बघत नाही. दोन आठवडे हे जमलं तर पिशव्यांची संख्या उतरते, आणि मग फेरी दिवसाआड करता येते.

गाड्यांसाठी अडथळा त्याच दिवशी. मोठे दगड, चर, रुतवलेले खांब, काहीही चालेल, पण दगड दोन माणसांना सरकवता येऊ नये आणि अग्निशमन दलाची व रुग्णवाहिकेची वाट मोकळी राहावी. डंपरला माल ओतताना मागचा भाग उभा करायला वर मोकळी जागा लागते; आत जाणाऱ्या वाटेवर कमी उंचीची लोखंडी कमान बसवली की मोठी गाडी आतच येत नाही. मात्र हे सगळं परवानगीने, नाहीतर बेकायदा बांधकामाची नोटीस तुम्हालाच यायची.

उजेड हवा. झुडपं छाटलेली हवीत, म्हणजे रस्त्यावरून जागा आरपार दिसेल. आणि माणसं हवीत: बाक, रोपं, संध्याकाळी बसणारी चार म्हातारी मंडळी. वावर असलेल्या ठिकाणी कचरा टाकायला माणूस कचरतो.

पाटीवर काय लिहायचं? 'इथे सगळे कचरा टाकतात, लाज बाळगा' असली पाटी उलटी पडते. अमेरिकेतल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी दगड बनलेल्या लाकडांच्या चोरीवर पाट्यांचा प्रयोग केला. 'खूप लोक चोरतात' असं सांगणाऱ्या पाटीजवळ चोरी जास्त झाली. शिव्या आणि दंडाचे आकडे यांपेक्षा 'जुन्या सामानासाठी गाडी अमुक वारी येते, फोन अमुक' ही ओळ जास्त कामाची.

आपल्या घरचा कचरा कुठे जातो?

इंग्लंडमध्ये २०२३-२४ या वर्षात स्थानिक संस्थांनी चोरून कचरा टाकल्याच्या सुमारे साडेअकरा लाख घटना नोंदवल्या आणि त्यांतल्या जवळपास ६० टक्के घटनांत कचरा घरगुती होता. तिथल्या कायद्यानुसार आपला कचरा अधिकृत माणसालाच देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे; स्वस्तात नेणाऱ्याने तो रस्त्याकडेला ओतला तर दंड घरमालकालाही होऊ शकतो. तुमच्याकडचा कायदा काहीही म्हणो, घराचं काम काढताना हे तीन प्रश्न विचारा: परवाना किंवा नोंदणी आहे का, माल कुठे जाणार, पावती देणार का. गाडीचा नंबर लिहून घ्या. बाकीच्यांच्या निम्म्या दरात 'सगळं उचलतो' म्हणणारा डेपोचं शुल्क भरणार कुठून, हे गणित स्वतःच करून बघा.

तुमच्याच जमिनीवर कुणी टाकलं तर

आधी फोटो आणि लेखी तक्रार, मग साफसफाई. उलट केलं तर पुरावा जातो, आणि पुष्कळ ठिकाणी जमिनीवरच्या कचऱ्याची जबाबदारी आधी मालकाच्या गळ्यात पडते. ढीग बाहेर रस्त्यावर ढकलू नका, तो गुन्हा मग तुमचा. मोकळ्या प्लॉटला कुंपण, नावाची पाटी आणि महिन्यातून एक फेरी एवढं हवंच.

'फुकट भर टाकून देतो' किंवा 'चार महिने माल ठेवायला जागा द्या, भाडं देतो' असं कुणी म्हणालं तर माल काय आहे ते लेखी घ्या आणि पहिली गाडी रिकामी होताना समोर उभे राहा. नायजेरियातल्या कोको या बंदरगावी १९८८ मध्ये इटलीहून आलेल्या विषारी कचऱ्याची हजारो पिंपं सापडली, ती एका स्थानिक माणसाच्या परसात, किरकोळ भाड्यावर ठेवलेली. अशा प्रकरणांनी जो गहजब झाला त्यातूनच घातक कचऱ्याच्या देशादेशांतल्या वाहतुकीवरचा बाझेल करार १९८९ मध्ये झाला आणि १९९२ पासून लागू झाला. भर म्हणून आलेल्या मातीला रसायनाचा, तेलाचा वास येत असेल किंवा रंग विचित्र असेल तर गाडी परत पाठवा. आधीच पडली असेल तर माती आणि जवळच्या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि अहवाल येईपर्यंत ते पाणी पिऊ नका, त्यावर भाजी लावू नका.

ढीग दुसरीकडे सरकला तर

सरकतो, कधीकधी. दुचाकीवरून फेकणारे बहुधा वाकडी वाट करत नाहीत. त्यांची वाट ठरलेली असते, त्यामुळे त्यांच्या पिशव्या त्याच रस्त्यावर थोड्या पुढे दिसतात. डंपरवाला मात्र दूर जातो, कारण त्याला फक्त अंधार आणि वळायला जागा हवी असते. जागा बंद झाल्यावर महिनाभर आसपासच्या अशा जागांवर नजर टाका: पुलाखाली, बंद पडलेल्या कारखान्यामागे, अर्धवट सोडलेल्या रस्त्यावर. तोच फरशीचा रंग, तशाच गोण्या, तशाच दुहेरी चाकांच्या खुणा दिसल्या तर नवा अर्ज कोरा लिहू नका. जुन्या तक्रारीचा क्रमांक, जुने फोटो आणि नवे फोटो एकत्र लावा, आणि त्या भागातल्या रहिवाशांना तुमची नोंदवही देऊन टाका.